शेवटी भरलेली बाटली

१

रेकॉर्ड रूमचं कुलूप शाबूत होतं, कपाटाची काच धड होती, आणि आतल्या वह्या एका ओळीत अशा नीट उभ्या होत्या की मधली एक गेली आहे हे चटकन कळूही नये. पण गेली होती. हिरव्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, बोअरच्या पाण्याची नोंदवही. बुधवारी सकाळी हे उघडकीला आलं आणि शुक्रवारी अकराला समितीची बैठक. वहीला गायब व्हायला वर्षाचे बाकीचे दिवस कमी पडले होते का?

ऑफिसात अशा वेळी जे होतं तेच झालं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि ज्याचं कुणी ऐकून घेणार नाही असा एक माणूस हुडकून दुपारच्या आत त्याला सस्पेंड केलं. तो माणूस म्हणजे बोअरचं पाणी काढणारा कॅनकाका.

आता ही वही एवढी काय सोन्याची होती, ते सांगायला हवं. शहराच्या कडेला एक रंगांचा कारखाना होता. तीस वर्षं त्याने रंग विकला आणि उरलेलं घाण द्रावण मागच्या आवारात जमिनीला पाजलं. मग मालक टाळं ठोकून नाहीसा झाला आणि विषारी माती सरकारच्या गळ्यात पडली. विष किती खोल गेलंय, कुठे सरकतंय हे बघायला सरकारने सहा बोअर पाडले. पाच आवारात, भिंतीच्या आत. सहावा भिंतीबाहेर, मागच्या वस्तीच्या गल्लीत, हापशापासून दहा पावलांवर. वर्षातून दोनदा कॅनकाका प्रत्येक बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पोचवायचे. बाटलीवर फक्त नंबर आणि भरल्याची वेळ. कोणती बाटली कोणत्या बोअरची हे प्रयोगशाळेला मुद्दामच कळू देत नसत, म्हणजे तिथे कुणाला वशिला लावता येऊ नये. ते फक्त वहीत असायचं.

या खेपेला बाटल्या होत्या एक्केचाळीस ते सेहेचाळीस. पहिल्या पाच जेमतेम पास झाल्या. सेहेचाळीस नंबरमध्ये मात्र परवानगीच्या चाळीसपट विष निघालं. अहवालातला टाइप केलेला तक्ता म्हणत होता की ही बाटली तीन नंबरच्या बोअरची, म्हणजे आवाराच्या पार मधली. तसं असेल तर काम सोपं होतं. आवारावर जाड प्लॅस्टिक आणि चिकणमातीचं झाकण घालायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. पण ती बाटली सहा नंबरची असेल, तर विष भिंत ओलांडून एक्केचाळीस घरांच्या खाली पोचलं होतं आणि झाकण म्हणजे निव्वळ थट्टा होती. मग खोदणं आलं, घरं हलवणं आलं, आणि आकडा ऐकून समितीच्या तोंडचं पाणी पळालं असतं.

असल्या महागड्या निर्णयांवर नजर ठेवायला सरकारचा एक छाननी कक्ष असतो. तिथल्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत; तोंडावर नाही, अर्थात. बत्तीस वर्षं त्यांनी प्रस्ताव चाळले होते आणि अवाजवी खर्चाचा एकही कागद त्यांच्या हातून निसटला नव्हता. त्याचा त्यांना फार अभिमान होता. होता, असंच म्हणायला हवं.

"बाई, तुम्ही फक्त एक पानाची टिपणी द्या," विभागाचे साहेब म्हणाले. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली नातवंडांचे फोटो. "वही कॅनकाकाने गहाळ केली, तक्ता ग्राह्य धरावा. बस. शुक्रवारी झाकण मंजूर."

"काका कशाला वही गहाळ करतील?"

"धंदा आहे हो त्याचा! चार महिने झाले, रोज सकाळी दोन मोठे कॅन घेऊन वस्तीत जातो. उगाच का कॅनकाका म्हणतात? पाणी विकतो. हापशाचं पाणी खराब ठरलं की याची चांदी. आता वही उडवून माझ्या एकट्याच्या कानाशी लागलाय, सेहेचाळीस नंबर गल्लीतल्या बोअरचा म्हणून. म्हणे, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा!"

"दोषी ठरला तर?"

"नोकरी गेली, पेन्शन गेली. अकराच महिने राहिले होते बिचाऱ्याचे."

"आणि तो तक्ता कुणी केला?"

साहेबांनी फोटोंकडे पाहिलं. "केला असेल कुणीतरी. मी सही केली."

२

सल्लागार इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि बसायच्या आधी त्यांनी बॅगेतून काळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. झाकणाचं काम त्यांनाच मिळणार होतं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"हात लावून बघा मॅडम. शंभर वर्षं काही होत नाही याला."

"तुम्ही शंभर वर्षांनी बघायला येणार का? वहीचं बोला."

"वही मी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही. मला ऑफिसातून तयार तक्ता आला, मी अहवालात चिकटवला."

"कुणाकडून आला?"

"पाकिटातून आला. पाकिटाला काय तोंड असतं, विचारायला?"

माणूस गुळगुळीत होता, पण गुळगुळीत असणं हा गुन्हा नव्हे. बाईंनी त्याला प्लॅस्टिकसकट बाहेर काढलं आणि फूटपट्टीला बोलावलं.

फूटपट्टी म्हणजे विभागातली धाकटी इंजिनियर. कोणत्याही कागदावर पट्टी ठेवल्याशिवाय रेघ ओढत नसे, म्हणून हे नाव. नोकरीची पहिली तीन वर्षं तिने चाळणीबाईंच्याच हाताखाली काढली होती. फाईल कशी बांधायची, शेरा कसा वाचायचा, सगळं तिला बाईंनी शिकवलं होतं. बाईंना मूलबाळ नव्हतं. ही पोरगी वर्षातून एकदा घरी येऊन त्यांची कपाटं लावून द्यायची आणि त्या वर्षभर तो दिवस आठवायच्या.

"मॅडम, तुम्ही? बरं झालं बाई तुम्ही आलात!" तिने खुर्ची सरळ केली आणि बसली. "काकांना कशाला गोवताय हो? काका आणि चोरी?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांना म्हणायला काय जातंय! बूट फाटलेत, पण नवे मागितले नाहीत त्यांनी. तापात कामावर येतात. भर उन्हात अख्खं आवार करून, परत गल्लीत येऊन शेवटची बाटली भरणारा माणूस आहे तो. दुसरा असता तर हापशावर सहाही बाटल्या भरून घरी झोपला असता."

"तक्ता तू केलास?"

"छे! सल्लागारांकडून आला. मी फक्त रेघा मारल्या."

"वही पाहिली होतीस?"

"उघडलीसुद्धा नाही," फूटपट्टी म्हणाली आणि टेबलावरची पेन्सिल वहीला समांतर ठेवली.

सल्लागार म्हणतो ऑफिसातून आला, ही म्हणते सल्लागाराकडून आला, साहेब म्हणतात कुणीतरी केला. पहिल्या दोघांपैकी एक जण तरी धडधडीत खोटं बोलत होता. बाईंना आणखीही काहीतरी खटकलं होतं, पण काय खटकलं ते काही केल्या ध्यानात येईना. रात्री अंथरुणावर पडल्यावरही आलं नाही.

३

गुरुवारी सकाळी सातला बाई वस्तीच्या गल्लीत उभ्या होत्या. गुडघा ठणकत होता आणि स्वभावाला आधीच धार होती.

कॅनकाका आलेच. वाळकी अंगकाठी, दोन हातांत वीस-वीस लिटरचे दोन कॅन, दर पंधरा पावलांवर थांबून दम खाणं. हापशाजवळून जाताना त्यांनी मान खाली घातली. हापशावरच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. एक जण म्हणाली, "काका, आम्हालाही द्या की एखादा कॅन! का लेकीच्याच घरचं पाणी गोड?" सगळ्या हसल्या. काका हसले नाहीत.

शेवटच्या घराच्या दारात त्यांची लेक उभी होती, कडेवर लहान आणि पदराला मोठी. तिने कॅन आत घेतले. पैसे दिले नाहीत, बाप घेणारही नव्हता.

"विकता ना पाणी?" बाईंनी मागून विचारलं.

काका दचकले. ओळख पटल्यावर त्यांनी हात जोडले. "बाई, लेकीला विकू?"

"मग आणता कशाला? हापसा दहा पावलांवर आहे."

काका वळले. हापशावर जाऊन एकदा दांडा मारला, ओंजळ भरली आणि बाईंच्या नाकासमोर धरली. अगदी पुसट वास होता, नखांना लावायच्या रंगाचा. बाईंनी झटकन तोंड फिरवलं.

"चार महिन्यांपूर्वी यायला लागला," काका हळू बोलले. "माझं नाक तीस वर्षं याच कामात गेलंय, म्हणून कळला. या बायांना कळत नाही. आणि अहवाल मंजूर होईपर्यंत बाहेर बोललास तर नोकरी जाईल, असं साहेबांनी लिहून घेतलंय माझ्याकडून. मी लेकीला तेवढं सांगितलं. चाळीस घरांना नाही सांगितलं बाई. चाळीस घरांना नाही सांगितलं."

बाईंनी कामाचं विचारलं, कारण त्यांना तेवढंच येत होतं. "बोअर कोणत्या क्रमाने घेता?"

"आधी चांगला, मग त्याहून घाण, सगळ्यात घाण शेवटी. पाणी काढायचं नळकांडं एकच असतं ना. कितीही धुतलं तरी अंश राहतो. घाण बोअर आधी केला तर पुढच्या सगळ्या बाटल्या नासतात."

"मग शेवटचा कोणता?"

"आजवर कायम तीन नंबर. या खेपेला पहिल्यांदाच सहा. जाताना वाटेतच लागतो हा, तरी मी पुढे गेलो, पाचही बोअर केले आणि परत आलो. तीन नंबर आता पुष्कळ निवळलाय बाई. तिथलं होतं ते इकडे आलं."

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला," काका म्हणाले. "आणि वहीला."

४

शब्दाने भागत नसतं. सस्पेंड झालेला माणूस, लेक त्याच गल्लीत, वर पाणी विकल्याचा बोभाटा. समितीने काकांचं म्हणणं एका कानाने ऐकलं असतं आणि दुसऱ्याने सोडून दिलं असतं. बाईंना कागद हवा होता.

प्रयोगशाळेत चष्म्याची जाड भिंगं लावलेली एक बाई सहा बाटल्यांची नावनिशी न विचारता त्यांचं भविष्य सांगायची. तिने रजिस्टर पुढे केलं. "कुठली बाटली कुठली ते मला विचारू नका. मला नंबर कळतो आणि गळ्यावर लिहिलेली वेळ कळते. आल्या आल्या दोन्ही उतरवून घेते."

पंचेचाळीस नंबर: तीन वाजून पंधरा. सेहेचाळीस नंबर: चार पस्तीस. बाईंनी पानाची नक्कल घेतली. नुसत्या वेळेने काय होतंय? वेळ बाटली कधी भरली ते सांगते, कुठे ते सांगत नाही. पण मध्ये तासाहून जास्त वेळ का गेला?

तिथून त्या कारखान्याच्या फाटकावर गेल्या. आत जायला हे एकच फाटक, बाकी सगळी भिंत. वॉचमन स्टुलावर बसला होता. सहा वर्षं बंद कारखाना राखून बिचारा इतका विटला होता की जे दिसेल ते वहीत लिहायचा.

"मॅडम, माझं रजिस्टर आजपर्यंत कुणी मागितलं नाही हो!" तो हरखून म्हणाला आणि बाहीने पुसून दिलं.

बाईंनी त्या दिवसाचं पान काढलं. 'दहा वीस, पाणीवाले काका आत. बारा पाच, कुत्रं आत. बारा चाळीस, कुत्रं बाहेर. तीन चाळीस, पाणीवाले काका बाहेर, फाटक बंद. चार दहा, कुत्रं परत आलं, घेतलं नाही.'

"काका नंतर परत आत आले होते?"

"कुत्र्याला घेतलं नाही मॅडम, काकांना काय घेणार? फाटक बंद म्हणजे बंद."

बाईंनी दोन्ही कागद स्टुलावर शेजारी शेजारी ठेवले. तीन चाळीसला काका आवाराबाहेर. सेहेचाळीस नंबरची बाटली भरली चार पस्तीसला. तीन नंबरचा बोअर आवाराच्या मध्यभागी, कुलपाच्या आत. बंद फाटकाबाहेरचा माणूस आतलं पाणी काढणार कसं? आणि भिंतीबाहेर बोअर एकच. पंचेचाळीस नंबरचंही तसंच. तक्ता म्हणतो ती गल्लीतली, पण ती भरली तीन पंधराला, काका आत असताना. म्हणजे कुणीतरी वही वाचली होती, शेवटच्या दोन बाटल्यांच्या जागा आपसात बदलल्या होत्या आणि मग वही नाहीशी केली होती. नंबर बदलताना त्या हुशार माणसाला वेळ आठवली नाही. फाटकावरच्या कुत्र्याची नोंद ठेवणारा माणूस तर त्याच्या गावीही नव्हता.

कागद गोळा करता करता बाई तशाच अवघडून थांबल्या. काल काय खटकलं होतं, ते त्यांना कळलं होतं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

५

'अख्खं आवार करून, परत गल्लीत येऊन शेवटची बाटली भरणारा माणूस.'

आजवर काका शेवटची बाटली आवारात भरत होते. गल्लीत शेवटी आले ते याच खेपेला, पहिल्यांदा. काकांना माहीत आणि वहीला माहीत. आणि तक्त्याप्रमाणे तर शेवटची बाटली आवारातलीच होती. मग वही न उघडलेल्या पोरीला हे कुठून कळलं? काकांची बाजू घ्यायला गेली आणि तोंडातून खरं निसटलं. मनात पाप नसतं तर निसटलंही नसतं, आणि मनात माया नसती तरीही नसतं.

कपाटातल्या वह्या आठवल्या. एक वही काढल्यावर पडलेली फट बुजवून बाकीच्या सरळ रेषेत लावलेल्या. साहेबांना फट दिसली नसती, सल्लागाराने ती बुजवली नसती. बाई तडक रेकॉर्ड रूममध्ये आल्या. फूटपट्टी इथे आल्याची नोंद आहे का, असं त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिची काय नोंद करायची? ती रोजच येते. धूळ पुसून जाते पोर."

आता वही कुठे? जाळली असेल? नाही. सरकारी कागद कधी फाडायचा नाही, जाळायचा नाही, हे तिच्या डोक्यात बाईंनीच भिनवलं होतं. फाडणारा पकडला जातो, चुकीच्या जागी ठेवणारा नुसता वेंधळा ठरतो, हेही हसत हसत त्याच बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे वही याच खोलीत, जिथे कुणी हात घालत नाही अशा जागी असणार.

अशी जागा प्रत्येक ऑफिसात एकच असते: नामंजूर होऊन परत आलेल्या प्रस्तावांचा गठ्ठा.

बाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि सर्वांत खालच्या फळीवरून रंगाच्या कारखान्याचा गठ्ठा ओढला. नाडी सोडली. वरचा प्रस्ताव सहा वर्षांपूर्वीचा. आवारातली माती आताच खोदून न्यावी, विष अजून तीन नंबरच्या आसपास आहे. खाली शेरा: 'खर्च अवास्तव. समर्थन करून फेरसादर करावा.' दुसरा चार वर्षांपूर्वीचा. विष सरकू लागलं आहे, विलंब नको. शेरा तोच. तिसरा दोन वर्षांपूर्वीचा. विष भिंतीपाशी आलं आहे. शेरा तोच, शब्दाला शब्द, फक्त अक्षर जरा घाईचं.

तिन्ही शेऱ्यांखाली सही चाळणीबाईंची होती.

त्यांना एकही आठवत नव्हता. वर्षाला असे तीनशे कागद यायचे, कोणाकोणाला आठवणार? त्यांनी तिसरा प्रस्ताव उचलला. त्याखाली हिरवा पुठ्ठा होता.

"सापडली का मॅडम?" दारातून आवाज आला.

६

फूटपट्टी पळाली नाही, रडलीही नाही. तिने दार लोटलं आणि बाईंच्या समोर जमिनीवर येऊन बसली.

"मला वाटलंच होतं, शोधलीत तर तुम्हीच शोधाल."

"अगं, का केलंस हे? त्या गुळगुळीत माणसाने काही दिलं का तुला?"

"त्याने?" ती हसली. हसू फार वाईट होतं. "तो काय देणार, प्लॅस्टिकचा तुकडा? मॅडम, झाकणाच्या प्रस्तावाचं सव्विसावं पान वाचलंत? कुणीच वाचलं नाही, म्हणून तर ते तिथे घातलं. काम चालू असताना धूळ उडणार, म्हणून वस्तीला नळाचं पाणी द्यावं. मुख्य पाइपलाइनवरून, कायमचं. झाकण मंजूर झालं की तीन महिन्यांत एक्केचाळीस घरांत नळ. हापसा बंद."

"आणि खालचं विष?"

"ते तसंच राहणार. मला काय कळत नाही? पण पोरांच्या पोटात तरी जाणार नाही ना! सहा नंबर खरा दाखवला असता तर खर्च पाचपट झाला असता. तो कागद तुमच्याकडे आला असता. आणि तुम्ही त्यावर काय लिहिलं असतं?"

बाईंच्या हातात तिसरा प्रस्ताव तसाच होता.

"तीनदा खरं लिहून पाठवलं मॅडम. दुसरा आणि तिसरा मी स्वतः लिहिलाय, रात्ररात्र बसून. तुम्हाला भेटून सांगावं, असंही वाटलं. पण ओळखीने फाईल पुढे सरकवायची नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. मग म्हटलं, मॅडमना पास होईल असं काहीतरी लिहू."

"आणि काका? त्याच्या अकरा महिन्यांचं काय? पेन्शनचं?"

फूटपट्टीची मान पहिल्यांदा खाली गेली. "मला वाटलं होतं, वही हरवली एवढंच होईल. ते काकांना धरतील हे डोक्यातच आलं नाही. नंतर वाटलं, एक माणूस एका बाजूला, एक्केचाळीस घरं दुसऱ्या बाजूला. कशाचा किती भार, हे मोजायला..." ती थांबली. पुढचं बोलायची गरज नव्हती.

बाईंना सगळं लख्ख दिसत होतं. गप्प बसलं तर नळ येतील, काका जन्मभर चोर ठरतील, आणि विष झाकणाला वळसा घालून पुढच्या वस्तीकडे निघेल, कुणी बघणारही नाही, कारण कागदावर सगळं आलबेल असेल. बोललं तर ही पोर जाईल, आणि तिच्याबरोबर सव्विसावं पानही.

"उद्यापर्यंत थांबाल?" फूटपट्टीने विचारलं. "फक्त मंजुरी मिळेपर्यंत. मग मी स्वतः येऊन सांगते."

"मंजुरी मिळाल्यावर काका निर्दोष ठरला तर मंजुरी राहील का गं?"

फूटपट्टीने गठ्ठ्याची सुटलेली नाडी बोटांवर गुंडाळायला घेतली.

"ऊठ," बाई म्हणाल्या, आणि उठायला आधार म्हणून तिचाच हात धरला. "मी खरं लिहिणार आहे. माझंही लिहिणार आहे. तीनही शेरे जोडणार. आणि नळ आजच्या आज द्या म्हणून वर पहिल्या ओळीत घालणार. मला नाही म्हणायची त्यांची छाती नाही."

हा त्यांचा शेवटचा अभिमान होता, आणि तोही चुकीचाच निघाला.

७

समितीने शुक्रवारी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वॉचमनच्या कुत्र्यावर दोघं जण हसले. कॅनकाकांचं निलंबन रद्द झालं, फूटपट्टीचं त्याच कागदावर लागू झालं. "कमाल केलीत बाई," साहेब म्हणाले. सल्लागारांनी तर हात मिळवला. झाकण गेलं तर खोदाईचा अहवालही कुणाला तरी लिहावा लागणारच होता. तीन शेऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी स्वतःहून विषय काढला, तर अध्यक्ष म्हणाले, "तेव्हा तुम्ही नियमाप्रमाणेच केलंत हो," आणि पान उलटलं. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात एक काम मात्र झटपट झालं. हापशावर पाटी लागली: पाणी पिण्यास अयोग्य. हापसा काढला नाही, दुसरं पाणी दिलं नाही. पाटी लावली.

बाईंची बदली झाली. छाननी कक्षात त्यांच्या जागी एक तडफदार माणूस आला, तोही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पाच आठवड्यांनी खोदाईचा आणि नळाचा एकत्र प्रस्ताव त्याच्या टेबलावरून परत आला. बाईंनी ओळख लावून नक्कल मिळवली. आयुष्यात पहिल्यांदाच ओळख लावली, आणि मिळालं काय, तर हे:

'खर्च अवास्तव. समर्थन करून फेरसादर करावा. नळाच्या पाण्याबाबत स्वतंत्र प्रस्ताव यावा.'

खाली सही दुसऱ्याची होती, पण शब्द बाईंना पाठ होते.

तो कागद घेऊन त्या सकाळी गल्लीत गेल्या. निदान कुणीतरी तोंडाने सांगायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं. कॅनकाका येत होते, दोन्ही हातांत कॅन, दर पंधरा पावलांवर दम. हापसा मोकळा होता. पाटीखाली बायका भांडी घेऊन उभ्या होत्या, पण हापशाकडे पाठ करून. त्या काकांची वाट बघत होत्या. आता कुणी हसत नव्हतं. लेकीच्या घराकडे जायला काकांना वाटच मिळेना. मागे ज्या बाईने थट्टा केली होती, तिने एक लहान लोटा पुढे केला.

काकांनी कॅन खाली ठेवले. बाईंच्या हातातला कागद त्यांना दिसला.

"मंजूर झालं का, बाई?"

बाईंनी मान हलवली. नाही.

काकांनी कॅनचं झाकण उघडलं. पहिला लोटा भरला, दुसरा भरला, मग शेवटच्या घराच्या दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि हात थांबवला.

"तुम्ही मोजणाऱ्या ना बाई," ते म्हणाले, "तर मोजा. घरं एक्केचाळीस आहेत. आणि हात मला दोनच आहेत."